विज्ञान चावडीचे सात शास्त्रज्ञ

गडमुडशिंगीच्या पुढं जी वाडी लागते, तिथं राहून आकाराम चौगले यांनी सात शास्त्रज्ञ बाळगले होते. तोंडी नव्हे, वहीत. नाव, गाव, हुद्दा, सगळं लिहून.

आकाराम स्वतः शास्त्रज्ञ नव्हते. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर म्हणून काढली. पोरं त्यांना लॅबमामा म्हणायची आणि हळूहळू वाडीही मामाच म्हणायला लागली. त्यांच्या डोळ्यांदेखत विज्ञानाचे नऊ शिक्षक आले. त्यातले तीन मुख्याध्यापक झाले, दोन निवडणुकीच्या कामातून परत वर्गात आलेच नाहीत, पण ब्युरेटची तोटी नेमक्या थेंबावर अडवायची कशी, हे नऊच्या नऊ जण मामांनाच विचारत. निरोप समारंभात काय देऊ, असं विचारल्यावर मामांनी शाल नको म्हणून सांगितलं आणि टोकाचा टवका गेलेला एक ब्युरेट, डझनभर परीक्षानळ्या आणि रसायनांच्या दोन-तीन बाटल्या घरी आणल्या. बायकोनं त्या देवघराच्या वरच्या फळीवर ठेवल्या. खाली ठेवल्या तर कुणीतरी लोणचं भरंल, असं तिचं म्हणणं.

निवृत्तीनंतर मामांनी फेसबुकवर ‘विज्ञान चावडी’ नावाचा गट काढला. चार वर्षांत सभासद अकरा हजार झाले. प्रश्नांना तोटा नव्हता. उत्तरांना तर त्याहून नव्हता. पण दर दोन महिन्यांनी कुणीतरी उठायचा आणि तोच प्रश्न टाकायचा, ‘इथं खरे शास्त्रज्ञ कुणी आहेत का, का सगळे आपल्यासारखेच?’ त्याच्याखाली दीडदोनशे जण लिहायचे की आहेत, भरपूर आहेत, पण ते बोलत नाहीत. न बोलणारे भरपूर आहेत हे या दीडदोनशेंना कसं कळलं, ते मात्र कुणी विचारायचं नाही.

मामांना हा प्रश्न वर्मी लागायचा. म्हणून त्यांनी बिल्ला सुरू केला. पटलेल्या माणसाच्या नावापुढं ‘तज्ज्ञ’ असा बिल्ला लागायचा. पटवून घ्यायला वही होती आणि वहीत चार रकाने. पहिला, काय असल्याचं सांगतो. दुसरा, गाव कुठलं. तिसरा, आपल्या भागात पावणं कोण. चौथा, निर्णय. पहिले तीन मामा समोरच्याला पाठवायचे आणि आलेलं उत्तर वहीत उतरवून घ्यायचे. कडेला बारीक अक्षरात शेरे असायचे. ‘रोज सकाळी नऊ ते पाच क्वांटमवर लिहितो, म्हणजे नोकरी नाही.’ ‘प्रत्येक वाक्याला नासा म्हणतो, गाव विचारलं की गप्प.’ ‘भाषा चांगली, पण होमिओपॅथी.’

तिसरा रकाना मामांना सगळ्यात भरवशाचा वाटे. माणूस कागद खोटे करील, फोटो खोटा लावील, पण मावशी कुठली खोटी आणणार? पावणं निघालं की मामा फोन लावायचे. “अमका तमका तुमच्यातला काय? सायंटिस्ट हाय म्हणतोय, खरं हाय का?” तिकडून “व्हय की!” आलं की बिल्ला. अशा रीतीनं सात झाले.

सातांतला पहिला मान राजवर्धनचा. डॉ. राजवर्धन, वारणानगर. मामांच्या साडूच्या चुलतभावाचा मुलगा. त्याच्यासाठी फोनही करावा लागला नव्हता. भाचीसाठी स्थळं बघताना त्याचा बायोडाटाच मामांच्या हाती आला होता आणि त्यात स्वच्छ टाइप केलेलं होतं, ‘शास्त्रज्ञ, पशुखाद्य विभाग.’ भाचीचं जमलं नाही, पण बिल्ला जमला.

बिल्ला न मिळालेल्यांत एक संघप्रिया होती. आडनाव लावत नसे. पहिल्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘दुधातल्या जंतूंवर काम.’ दुसऱ्यात गाव नाही, नुसतं ‘कोल्हापूर जिल्हा.’ तिसरा कोरा. मामांनी तीनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा तिनं उत्तर दिलं, “माझ्या मावशीचा जंतूंशी काही संबंध नाही.” मामांनी शेरा मारला, ‘तोरा आहे.’ शिवाय बाईची एक खोड होती. कुणी काही विचारलं की ही उत्तर द्यायची सोडून उलटं विचारायची. “कधीपासून? किती? मोजलं कशानं?” तिच्या उत्तराला कधी चारांच्या वर अंगठे पडले नाहीत. राजवर्धन तीन ओळीत निकाल लावायचा आणि शंभर अंगठे घेऊन जायचा.

तर असं सगळं सुरळीत चालू असताना, एका मंगळवारी शालूबाईचं दूध परत आलं.

शालूबाई मामांच्या समोरच्या घरातली. वय सत्तावन्न. नवरा पुण्याला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेला. ही गेली नाही. “मला म्हशीबिगर करमत न्हाई आणि म्हस लिफ्टमधी बसत न्हाई,” असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. वाडीच्या दूध संस्थेत ती बावीस वर्षं दूध घालत होती. संस्थेचा सचिव पृथ्वीराज रोज सकाळी खिडकीत बसून नळीत थोडं दूध, तेवढंच स्पिरिट घालून हलवायचा. काचेला कण धरले की दूध परत. शालूबाईच्या नळीत कण दिसले. बुधवारी दिसले. गुरुवारीही.

“काकू, काय घालताय दुधात?” पृथ्वीराजनं रांगेसमोर विचारलं.

“हात घालते. धार काढायला लागतोय.”

रांग हसली. पृथ्वीराज हसला नाही. तिसऱ्यांदा परत आलेलं दूध म्हणजे भेसळीचा संशय, आणि संशय आला की संचालकांची बैठक, असा संस्थेचा नियम होता. बैठक रविवारी ठरली. भेसळ ठरली तर सभासदत्व रद्द. वाडीत दुसरी संस्था नव्हती. आणि सभासदत्व गेलेल्या बाईच्या दुधाचा चहा वाडीत कुणी पीत नाही, हे शालूबाईला चांगलं माहीत होतं. असा चहा तिनं स्वतःच एकदा नाकारला होता.

ती गुरुवारी दुपारी मामांच्या उंबऱ्यात येऊन बसली.

“मामा, तुमच्यात ते सात शास्त्रज्ञ हायत न्हवं? इचारा की त्यास्नी. मी काय बी घालत न्हाई. देवाशपथ.”

“देवाची शपथ तिथं चालत न्हाई, शालू,” मामा म्हणाले, पण त्यांची छाती थोडी पुढं आली. चावडीचा असा सरळ उपयोग आजवर कुणी मागितला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला आणि सगळी हकीगत टाइप केली. गावाचं नाव घातलं, शालूबाईचं घातलं नाही. वाडीत कुणाचं दूध परत आलंय हे सांगायला नावाची गरज नव्हती, हे मामांच्या लक्षात आलं नाही.

अर्ध्या तासात राजवर्धनचं उत्तर आलं. ‘सरळ केस आहे. दुधात सोडा मिसळला आहे. असं दूध स्पिरिटमध्ये फुटतं. खात्रीनं भेसळ.’ नावापुढं बिल्ला. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस अंगठे.

त्याच्याखाली संघप्रियानं विचारलं होतं, “म्हैस व्यायला किती महिने झाले? दूध आंबट लागतं का खारट? उकळल्यावर फुटतं, की फक्त स्पिरिटमध्ये? चार सडांचं दूध वेगवेगळं तपासलं का?” दोन अंगठे.

मामा वैतागले. आपण शास्त्रज्ञांना विचारायचं आणि ही आपल्यालाच विचारणार.

शुक्रवारी सकाळी संस्थेच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला दिसला. राजवर्धनच्या उत्तराचा रंगीत प्रिंट. बिल्ला ठळक दिसेल असा मोठा केलेला. खाली पृथ्वीराजच्या अक्षरात, ‘शास्त्रज्ञाचा अभिप्राय. रविवारच्या बैठकीत ठेवण्यात येईल.’

शालूबाईनं कागद वाचला. मग मामांच्या घरी आली, पण उंबऱ्यात बसली नाही. उभीच राहिली.

“मी इचारा म्हटलं, तुमी तर साक्षीदारच उभा केलासा.”

“आगं, पण तो शास्त्रज्ञ…”

“कुणी केला शास्त्रज्ञ?”

या प्रश्नाचं उत्तर मामांच्या वहीत चौथ्या रकान्यात होतं आणि ते त्यांच्याच अक्षरात होतं. शालूबाई निघून गेली. मामांनी वारणानगरला फोन लावला.

“राजवर्धन, तुझी पीएचडी कशात रं?”

“पीएचडी?” पोरगा मोठ्यानं हसला. “मामा, मी बीएस्सी. पेंडीच्या कंपनीत सेल्सला हाय. चाळीस दुकानं माझ्याकडं.”

“मग बायोडाट्यात शास्त्रज्ञ?”

“ते आईनं घातलंय. सेल्स म्हटलं की पोरगी कोण देत न्हाई, मामा. स्थळासाठी घालावं लागतंय थोडं. आणि डॉक्टर तर तुमीच लावलंय की! मला वाटलं, तिथं सगळ्यास्नीच लावत्यात.”

“सोड्यानं दूध फुटतंय हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगाय पायजे? वाटलं तसं. काढून टाकू का?”

काढून काय उपयोग होता? भिंतीवरचा कागद फोनवरून निघत नाही. मामांनी वही उघडली, उरलेल्या सहांवर नजर टाकली आणि पहिल्यांदाच त्यांना त्या सहांचे पाहुणे आठवले. एकाचा मामा सरपंच. एकाची आत्या मामांच्या वर्गमैत्रिणीची जाऊ. एकाला तर लग्नाच्या पंक्तीत बोलता बोलता बिल्ला दिला होता. त्यांनी वही मिटली, समोर जाऊन शालूबाईला संघप्रियाचे चारही प्रश्न विचारले आणि फोन घेऊन अंगणात आले. संघप्रियाला त्यांनी खासगीत लिहिलं, “मॅडम, म्हैस व्यायला सात महिने झाले. आंबट नाही. थोडं खारट लागतं असं बाई म्हणते. उकळून फुटत नाही. सड वेगळे तपासले नाहीत. रविवारी बैठक आहे.”

तासाभरानं उत्तर आलं. “न बघता खात्रीनं काही सांगता येणार नाही. पण सोडा असण्याची शक्यता मला कमी वाटते. आंबलेलं दूध फुटू नये म्हणून लोक सोडा घालतात. फुटावं म्हणून कुणी घालत नाही. आम्लता मोजता येईल का तुम्हाला?”

मामांनी देवघराच्या वरच्या फळीकडं बघितलं. “येईल,” त्यांनी लिहिलं. गेल्या चार वर्षांत चावडीवर त्यांनी लिहिलेला हा सगळ्यात छोटा मजकूर.

त्या संध्याकाळी गोठ्यात शालूबाईनं चार पेल्यांत चार सडांच्या धारा वेगवेगळ्या काढल्या. मामांनी पडवीत पाट ठेवून त्यावर ब्युरेट उभा केला, स्टँडच्या जागी खुर्चीच्या दांडीला सुतळीनं बांधला. थेंब, थेंब, थेंब. गुलाबी छटा आली की तोटी बंद. आम्लतेचा आकडा तीन पेल्यांत चौदा-पंधराच्या घरात आला, जसा यायला हवा तसा. चौथा, मागच्या उजव्या सडाचा, दहावरच थांबला. मामांनी पुन्हा केला. पुन्हा दहा. मग त्यांनी चारही नळ्यांत स्पिरिट घालून हलवलं. तीन नळ्या स्वच्छ. चौथीच्या काचेला दह्यासारखे कण.

“एकाच सडाचं,” शालूबाई म्हणाली.

मामांनी आकडे पाठवले. संघप्रियानं लिहिलं, “तो सड सुजायला लागला असावा. बाहेरून दिसत नाही, पण दूध बदलतं. खारटपणा, कमी आम्लता, स्पिरिटमध्ये फुटणं, तिन्ही त्यात बसतं. पशुवैद्याला दाखवा, माझ्या अंदाजावर औषध देऊ नका. बैठकीत कुणी कमी आम्लतेवरून सोडा म्हणालंच, तर एवढंच विचारा की सोडा घालणारी बाई एकाच सडात कशी घालेल.”

मामा त्या शेवटच्या ओळीवर बराच वेळ खूश होते. मग त्यांना पुढची अडचण दिसली. त्यांनी लिहिलं, “बैठकीत विचारतील, सांगितलं कुणी? तुमचं पूर्ण नाव, संस्था, गाव कळवा. बिल्ला आत्ताच लावतो.”

“बिल्ला नको,” उत्तर आलं. “एका गटात होता माझ्याकडं. दिवसाला चाळीस जण मुरुमांवर मलम विचारायचे. आणि गाव मी तुम्हाला पहिल्याच वेळी सांगणार होते. तिसरा रकाना वाचला आणि थांबले. पाहुणे कोण म्हटलं की पुढं काय कळतं, ते तुम्हालाही माहीत आहे, मलाही. ते कळल्यावर माझ्या आकड्यांकडं लोक वेगळ्या नजरेनं बघतात. हा अनुभव आहे, तक्रार नाही. माझं नाव सांगून सिद्ध करू नका. नळ्या दाखवा.”

मामांनी हे दोनदा वाचलं. माणूस वाईट नव्हता. हाच प्रश्न विचारून त्यांनी दोन भाच्या उजवल्या होत्या आणि लग्नासाठी विचारायचा प्रश्न दुधासाठीही चालतो, असं धरून चालले होते. त्यांनी लिहिलं, “चुकलं.” मग पुसलं. मग परत लिहिलं आणि पाठवलं. त्यावर तिकडून फक्त एक अंगठा आला.

नळ्या दाखवायच्या, हे मामांना पटलं. पण शालूबाईला पटलं नाही.

“घरनं नळ्या भरून न्हेल्या तर पृथ्वीराज काय म्हणंल? घरात काय घातलं कुणास ठाऊक! त्यापेक्षा म्हस न्हेते.”

“म्हस? बैठकीला?”

“माझा सासरा गंगावेशीत कट्ट्यावर म्हशी उभ्या करायचा, मामा. गिऱ्हाईक पेला घेऊन समोर उभं, ह्यो धार काढून देणार. कोल्हापूरचा माणूस उगाच न्हाई त्या दुधावर इस्वास ठेवत. समोर काढलंय ते काढलंय.”

रविवारी दहा वाजता संस्थेच्या अंगणात संचालक सात, प्रेक्षक साठ आणि म्हैस एक असा जमाव जमला. पृथ्वीराजनं आधी हरकत घेतली की म्हैस ही सभासद नाही. चेअरमन म्हणाले, “आसू दे रं, तिच्याबद्दलच चाललंय.” मग म्हैस पान्हा सोडेना. इतकी माणसं तिनं एका जागी कधी बघितली नव्हती. साठ जण श्वास रोखून म्हशीच्या मागं उभे, आणि म्हैस समोरच्या भिंतीवरचा कागद बघत निवांत.

“मागं सरा सगळी,” शालूबाई ओरडली. “आणि पृथ्वीराज, तू इकडं ये. पेंडीची पाटी धर तिच्या म्होरं. हलवू नको.”

सचिव पाटी धरून उभा राहिला. शालूबाई उकिडवी बसून कासेवर हात फिरवत म्हशीशी काहीतरी पुटपुटत राहिली. पाच मिनिटं गेली. कुणीतरी जांभई दिली. मग भांड्यावर पहिली धार वाजली आणि जमाव पुढं सरकला.

चार पेले. स्पिरिट संस्थेचंच, नळ्या संस्थेच्याच. हलवल्या चेअरमननी. तीन स्वच्छ निघाल्या. चौथी फुटली.

“बघा, फुटलंच की!” पृथ्वीराज पाटी धरूनच म्हणाला. “शास्त्रज्ञानं सांगितलंय, सोडा!”

मामा याच क्षणाची दोन दिवस वाट बघत होते. बैठकीपूर्वी त्यांनी घसा दोनदा खाकरून ठेवला होता. पण ते तोंड उघडायच्या आत शालूबाईच बोलली.

“आरं बाबा, सोडा घालायचा तर मी एकाच सडात घालीन व्हय? आन् कुठनं घालू? वरनं का खालनं?”

अंगणात हशा फुटला. चेअरमन हसता हसता खुर्चीत बसले. मामांचं वाक्य त्यांच्याच तोंडात विरघळलं. आदल्या दिवशी ते त्यांनीच तिला वाचून दाखवलं होतं, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

हसू थांबल्यावर मामांनी उभं राहून एवढंच सांगितलं की भिंतीवरच्या कागदातला माणूस शास्त्रज्ञ नाही, पेंड विकतो आणि त्याला शास्त्रज्ञ आपणच केलं. हे ऐकून साठांतल्या पाच-सहा जणांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांनी त्याच माणसाच्या सल्ल्यानं पेंड बदलली होती.

बैठकीचा वृत्तांत लिहिताना पृथ्वीराज अडला. “तपासणी कुणाच्या मार्गदर्शनाखाली, असं लिवू? शास्त्रज्ञाचं नाव लागंल की.”

“नाव न्हाई,” मामा म्हणाले.

“नाव न्हाई म्हंजे? गाव कुठलं?”

“ते बी आता इचारणार न्हाई.”

पृथ्वीराजनं मामांकडं असं बघितलं, जणू त्यांची तब्येत बरी नाही. शेवटी त्यानं लिहिलं, ‘सभासद शालूबाई यांनी समक्ष धार काढून दाखवली. भेसळ नाही.’ कागद त्यालाच काढायला लावला. डिंक जास्त लावला होता. सोबत भिंतीचा चुनाही आला.

सोमवारी पशुवैद्य येऊन गेले. कासेची सूज आहे म्हणाले, सडात सोडायच्या औषधाच्या नळ्या दिल्या. आणि शालूबाईनं मामांना पुन्हा विचारायला लावलं, “तीन सडांचं तर चांगलं हाय. तेवढं घालू का?”

संघप्रियाचं उत्तर पटकन आलं. एरवी उलट विचारणारी बाई या वेळी सरळ बोलली. “नाही. औषध चालू असेपर्यंत आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, चारही सडांचं नाही. औषध दुधात उतरतं. लोकांच्या पोरांच्या पोटात जातं.”

मामांनी चाचरत वाचून दाखवलं. शालूबाईनं डोक्याला हात लावला.

“जिंकून बी घरीच बसायचं म्हंजे.”

डॉक्टरनी आठ दिवस सांगितले. पण ती घरी बसली नाही. रांगेत शालूबाई दिसली नाही तर वाडी काय म्हणेल, याचा अंदाज तिला होता. सोडा नव्हता तर गेली कुठं? म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामी किटली घेऊन रांगेत उभी राहिली. नंबर आला तशी खिडकीत वाकली.

“आज दूध न्हाई. औषध चालू हाय. लिव्ह.”

“काकू, न्हाई तर न्हाई. लिवायचं काय त्यात?”

“लिव्ह म्हटलं की.”

पृथ्वीराजनं लिहिलं. बुधवारी पुन्हा रिकामी किटली, पुन्हा तेच वाक्य, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. गुरुवारी तिच्या मागं तानाबाई उभी होती. किटली काठोकाठ भरलेली.

“व्हय गं शालू,” ती हळूच म्हणाली, “कुठलं बी औषध आसलं तरी चालत न्हाई का? आमच्या म्हशीला परवा सुई दिलीया.”

“मला काय माहीत? मामास्नी इचार. त्यांच्याकडं एक बाई हाय.”

“कोण? कुठली?”

“त्ये कुणाला माहीत न्हाई.”

तानाबाईनं किटलीकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं. पुढं अजून चार माणसं होती. ती रांगेतून बाहेर पडली आणि किटली हिंदकळू न देता, मामांच्या घराच्या दिशेनं चालू लागली.